हॉस्पिटलचा हौद एकच, त्यातलंच पाणी पेशंटला आणि त्यातलंच आगीला : सांभाळायचं कसं

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्याकडं फायर ड्रिल होती. ४० बेडचं हॉस्पिटल, खाली हौद, गच्चीवर टाक्या, मी मेंटेनन्सचं बघतो. पंप सुरू केला, पार्किंगमध्ये आमच्या वॉर्डबॉय मामांनी होज (आगीचा पाइप) धरला, आधी नुसती हवा फुसफुसली, मग चहाच्या रंगाचं गढूळ पाणी आलं आणि मिनिट-दीड मिनिटात पंप कोरडा ओढायला लागला. झाकण उघडून बॅटरी मारली तर हौदात गुडघाभर पण पाणी नाही. नळ चौथ्या दिवशी येणार होता तो पाचव्या दिवशी पण आला नव्हता, टँकरवाला दुपारी येतो म्हणाला होता, आणि आमच्या रोजच्या मोटरनं आगीच्या वाट्याचं पाणी कधीच गच्चीवर चढवलं होतं. मामा होज तसाच हातात धरून वर आयसीयूच्या खिडकीकडं बघत उभे राहिले. वर ६ पेशंट होते.

त्या दिवसानंतर मी जे जे केलं ते इथं क्रमानं लिहितो. सोलापुरात रेल्वे लाइन्स, सात रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रोड कुठंपण बघा, लहान-मध्यम हॉस्पिटलची गोष्ट हीच आहे. नळ काही दिवसाआड येतो म्हणून पाणी साठवावंच लागतं, साठवलं की ते शिळं होतं, आणि कमी पडलं की पहिला हात आगीच्या पाण्यावर पडतो. पाण्याची स्वच्छता प्लंबरकडं आणि आग फायरच्या एजन्सीकडं असं वाटून दिलं की मधला हौद कुणाचाच राहत नाही. म्हणून दोन्ही कामं एकाच माणसाकडं आणि एकाच रजिस्टरमध्ये पाहिजेत, हे माझं ठाम मत आहे.

आधी एक दुपार काढून नकाशा काढा

प्लंबर मिस्त्रीला आणि इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या. पाणी कुठून येतं (नळ, बोअर, टँकर), कुठल्या हौदात पडतं, कुठली मोटर कुठं चढवते, गच्चीवरची कुठली टाकी कुठल्या मजल्याला जाते, फायर पंप कुठून ओढतो, हे सगळं एका मोठ्या कागदावर काढा आणि प्रत्येक व्हॉल्ववर नंबरचा बिल्ला लावा. जुन्या इमारतीत हमखास एखादी लाइन सापडते जी कुठं जाते ते कुणालाच माहीत नसतं. आमच्याकडं दुसऱ्या मजल्यावर एका बंद बाथरूमची लाइन भिंतीत तशीच भरलेली होती, टोकाला नुसता प्लग. असं टोक म्हणजे जंतूंचं घर, तिथलं पाणी कधी हलतच नाही. ते मूळ फाट्यापासूनच तोडायचं, नुसता नळ काढून प्लग मारणं हा उपाय नाही.

मग हिशोब. १०० बेडपर्यंतच्या हॉस्पिटलला बेडमागे दिवसाला ३४० लिटर धरतात. ४० बेडला १३,६०० झाले, नळ चार दिवसांनी येत असेल तर ५४,४०० लिटर नुसतं वापरायला लागतं, आणि आगीचं याच्या वर वेगळं. आगीचं किती ते तुमच्या फायर एनओसीत (अग्निशमन खात्याच्या ना-हरकत दाखल्यात) आणि मंजूर नकाशात लिहिलेलं असतं, फाइल काढून आकडा बघा, अंदाजानं धरू नका. हा हिशोब मालक डॉक्टरांना एकदा कागदावर दाखवा, हौद वाढवायचा का टँकरचा करार करायचा ते त्यांना लगेच समजतं.

आगीचं पाणी आधी भरायचं, उरलेलं वापरायचं

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये याची साधी युक्ती दिलेली आहे. हौदाचे दोन कप्पे करायचे, नळाचं पाणी आधी आगीच्या कप्प्यात पडेल, तो भरून ओसंडला की मधल्या भिंतीवरून वापराच्या कप्प्यात जाईल, आणि घरगुती मोटर फक्त वापराच्या कप्प्यातून ओढेल. म्हणजे आगीचं पाणी कायम भरलेलं राहतं आणि दर वेळी नळाचं नवं पाणी त्यातूनच पुढं जातं म्हणून ते सडत पण नाही. एका भिंतीत दोन्ही प्रश्न सुटतात.

पण एक गोम आहे. नळ वरून पडतो आणि ओसंडायची जागा त्याच्या शेजारीच असेल तर वरचं ताजं पाणी वरच्यावर निघून जातं, खालचं महिनोन् महिने तसंच. म्हणून नळ एका टोकाला आणि ओसंडायची खाच दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि नळाच्या तोंडाखाली चार इंची पाइप उभा टाका, वरून उघडा, खाली तळापासून वीतभर वर. ताजं पाणी त्या पाइपातून तळाला जातं आणि जुनं वर ढकलतं. नळाचं तोंड मात्र पाण्यात बुडू द्यायचं नाही, त्या उभ्या पाइपाच्या वरच्या तोंडापासून अंतर सोडूनच पाहिजे. आपल्याकडं नळ गेला की लाइनमध्ये उलटी ओढ बसते आणि बुडालेल्या तोंडातून हौदातलं पाणी म्युन्सिपाल्टीच्या लाइनमध्ये परत जाऊ शकतं, मग ते शेजारच्यांच्या घरात.

भिंत बांधायला जागा किंवा पैसे नसतील तर निदान रोजच्या मोटरचा फूट व्हॉल्व (हौदात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाचा व्हॉल्व) वर उचला. आगीच्या साठ्याची पातळी जिथं संपते तिथं व्हॉल्व आणला की मोटर कितीपण चालवली तरी खालचं पाणी हलणार नाही. आम्ही पहिल्या आठवड्यात हेच केलं, खर्च एका पाइपाच्या तुकड्याचा आणि मिस्त्रीच्या हजेरीचा. भिंत दिवाळीनंतर बांधली. नुसता व्हॉल्व उचलला तर खालचं पाणी शिळं होणार, म्हणून महिन्यातून एकदा नळ यायच्या दिवशी फायर पंपानं ते ओढून अंगण धुवायला, बागेला काढायचं आणि लगेच भरून घ्यायचं. हौदाच्या आत भिंतीवर लाल पट्टा मारा, पाणी पट्ट्याखाली दिसलं की टँकर बोलवायचा, डॉक्टरांना विचारत बसायचं नाही.

हौद आणि टाकी धुणं

गच्चीवरच्या टाक्या तीन महिन्यांनी, हौद सहा महिन्यांनी, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ पाणी यायला लागलं की एक जास्तीची धुलाई, हे आमचं वेळापत्रक. हौद रिकामा असतो त्या दिवशी तुमच्याकडं आगीला पाणी नाही हे आधी लक्षात घ्या. म्हणून दोन कप्पे असतील तर एकेक करून धुवा, नसतील तर भरलेला टँकर काम संपेपर्यंत आवारातच उभा करा, आणि त्या दिवशी वेल्डिंग, कटिंग असलं कुठलंच काम इमारतीत लावू नका.

हौदात माणूस उतरवण्याआधी दोन्ही झाकणं चांगली दोन-तीन तास उघडी ठेवा, ब्लोअर लावून हवा आत मारा, मोटरचे स्विच बंद करून बोर्डाला कुलूप लावा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर एक माणूस पूर्ण वेळ, तो चहाला पण हलणार नाही. आत गुदमरून कुणी पडला तर वाचवायला दुसऱ्यानं तसंच खाली उडी मारायची नाही, दोरानं ओढायचं. बंद हौदात एकामागोमाग दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात त्या याच चुकीमुळं.

गाळ काढा, नायलॉनच्या ब्रशनं भिंती घासा, ॲसिड वापरू नका. मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पाणी, १० लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीला १० ग्रॅम, म्हणजे साधारण २५० पीपीएम (लिटरला २५० मिलिग्रॅम क्लोरीन) झालं (पावडर २५ टक्क्यांची धरून), त्यानं भिंती ओल्या करून अर्धा तास सोडा आणि धुऊन काढा. गच्चीच्या टाकीला वेगळं : धुऊन भरायची, हजार लिटरला २०० ग्रॅम पावडर आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी टाकायचं, म्हणजे ५० पीपीएम होतं. मग प्रत्येक मजल्यावरचा प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करायचा आणि चार तास तसंच ठेवायचं. टाकीच नाही, पाइप पण आतून धुऊन निघतात. हे पाणी संडासात आणि गटारीत सोडा, झाडांना नको. त्या वेळेत प्रत्येक नळावर "पिऊ नये" ची चिठ्ठी लावा, किचनला वेगळं पाणी द्या.

आणि डायलिसिस असेल तर आधी तिथली लाइन बंद. हे मी ठळक सांगतो. क्लोरीन पोटात गेलं तर शरीर निभावतं, डायलिसिसमध्ये ते सरळ रक्ताला भिडतं आणि लाल पेशी फोडतं. तिथं कार्बन फिल्टर असतो पण ५० पीपीएमचा मारा त्याच्यासाठी नाही. टेक्निशियननं प्रत्येक शिफ्टच्या आधी कार्बनच्या पुढचं पाणी तपासायचं, एकूण क्लोरीन ०.१ पीपीएमच्या वर नको. टँकरच्या पाण्यावर डायलिसिस चालत असेल तर अजून जपा. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात दुष्काळात टँकरनं आलेलं शेवाळाच्या विषाचं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि ५० हून जास्त पेशंट गेले. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी हिरवं पडलेलं आपण डोळ्यांनी बघतो, तेव्हा पाण्याला हिरवट झाक किंवा मातकट वास आला की त्या दिवशी डायलिसिसच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही.

रोजचं क्लोरीन

नळाचं पाणी क्लोरीन घेऊनच येतं पण आपल्या गच्चीवर ते टिकत नाही. ४२-४३ डिग्रीला काळी टाकी दुपारी तापते आणि क्लोरीन उडून जातं. म्हणून रोज सकाळी हौदात आणि सगळ्यात लांबच्या नळाला, आमच्याकडं तो तिसऱ्या मजल्याच्या टोकाचा, ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट, म्हणजे क्लोरीन मोजायची. ट्यूबमध्ये पाणी, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की लगेच पट्टीशी जुळवायचा, रेंगाळलात तर आकडा जास्त दिसतो. लांबच्या नळाला कमीत कमी ०.२ पीपीएम पाहिजे. हौदात ०.५ च्या आसपास ठेवलं तर तिथपर्यंत टिकतं. कमी भरलं तर हजार लिटरला ५ ग्रॅम पावडर, अर्धा तास थांबा, परत टेस्ट. ओटीचं रसायन हाताला लागू देऊ नका, जमलं तर डीपीडी किट घ्या, त्यात गुलाबी रंग येतो आणि ते जास्त नेमकं आहे. टँकर आला की त्याचं पाणी हौदात सोडायच्या आधी बादलीत घेऊन टेस्ट करा. ड्रायव्हर कुरकुर करतो, करू द्या.

टीसीएलचा डबा कुठं ठेवता तेपण बघा. ही पावडर आग वाढवणारी आहे आणि आम्हाला ती स्पिरिटच्या कॅनशेजारी, इन्व्हर्टरच्या खोलीत सापडली होती. कोरड्या, हवेशीर जागी, स्पिरिट, सॅनिटायझर, ऑइल आणि ॲसिडपासून लांब ठेवा. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ही मिसळली तर विषारी क्लोरीन वायू निघतो, हाउसकीपिंगच्या मावशींना हे प्रत्यक्ष डबे दाखवून सांगा.

नळ, गिझर, कूलर

लेजिओनेला म्हणून एक जंतू आहे, १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली तिच्या तपासात सापडला. तो सहसा पिण्यातून नाही, शॉवरच्या, फवाऱ्याच्या बारीक तुषारातून फुप्फुसात जातो आणि २५ ते ४५ डिग्रीच्या पाण्यात मजेत वाढतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की थंड पाणी २० च्या खाली ठेवा. सोलापुरात ते शक्यच नाही, आपली सगळी लाइन वर्षातले आठ महिने त्याला आवडणाऱ्या तापमानाला असते. त्यामुळं आपल्या हातात दोनच गोष्टी, क्लोरीन टिकवणं आणि पाणी हलतं ठेवणं. बंद असलेल्या खोल्यांचे नळ-शॉवर आठवड्यातून दोनदा ३ ते ५ मिनिटं सोडा, हळू सोडा, तोंडाला मास्क लावून. गिझरच्या टाकीत ६० डिग्री पाहिजे, नळाला थंड-गरम पाणी मिसळणारा मिक्सर लावा नाहीतर म्हातारं माणूस भाजेल. सोलर असेल तर ढगाळ दिवसांत पाणी कोमटच राहतं आणि तेच धोक्याचं, तेव्हा बॅकअप कॉइल चालू करा. बोअरच्या जड पाण्यानं शॉवरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, त्या थरात जंतू लपतात, तीन महिन्यांनी जाळी काढून साफ करा. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायर बाटलीत नळाचं पाणी कधीच नाही, स्टराइल पाणी, रोज बदलून.

जनरल वॉर्डचे कूलर, गच्चीवरची जुनी भांडी, फायर बकेट, हे सगळं आठवड्यातून एकदा कोरडं करून घासायचं. नुसतं ओतून चालत नाही कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पण महिनोन् महिने जगतात. हौदाच्या व्हेंट पाइपला आणि ओव्हरफ्लोला बारीक जाळी पाहिजे.

फायर पंप आणि होज

आठवड्यातून एक वार ठरवा. पंपाचा सिलेक्टर स्विच ऑटोवर आहे का हे पहिलं बघा, कुणीतरी आवाज होतो म्हणून बंद करून ठेवलेला असतो. व्हॉल्व उघडे आहेत का, गेजला प्रेशर आहे का, जॉकी पंप (लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होतोय का, होत असेल तर लाइनला कुठंतरी गळती आहे. मग पंप खरंच चालवा आणि महिन्यातून एकदा सगळ्यात वरच्या हायड्रंटला (आगीच्या लाइनच्या नळाला) होज लावून पाणी काढून बघा, साडेतीन किलोच्या आसपास प्रेशर पाहिजे. होज बॉक्समधलं पितळी नोझल जागेवर आहे का बघा, चोरीला जातं. कुलूप लावलं तर किल्ली तिथंच काचेत.

अजून एक मोठी गोष्ट. आग लागली की इलेक्ट्रिशियन आधी मेन स्विच पाडतो. तुमचा फायर पंप त्याच मेनच्या पुढं जोडलेला असेल तर मेनसोबत पंप पण मेला. पंपाची लाइन मेनच्या आधीपासून वेगळी घ्या आणि त्याच्यावर लाल पाटी लावा. आमच्याकडं हे चुकीचंच होतं आणि ते पहिल्यांदा नकाशा काढताना कळलं.

आग विझवायच्या सिलिंडरचं थोडक्यात : एबीसी पावडरचा काटा हिरव्यात पाहिजे, सीओटूला काटाच नसतो म्हणून त्याचं वजन करायचं, गॅस १० टक्क्यांहून जास्त कमी झाला की भरून आणायचा. इलेक्ट्रिकच्या आगीवर सीओटू, पाणी अजिबात नाही. छोट्या बंद खोलीत सीओटू मारून तिथंच उभं राहू नका.

वीज आणि ऑक्सिजन

आग विझवायचं पाणी शेवटचं, मुळात ती लागते कुठं ते बघा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात रात्री आग लागली, १० बाळं गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या आयसीयूत, ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलच्या आयसीयूत. सगळीकडं तीच जागा, जिथं पेशंट हलू शकत नाही, यंत्रं चोवीस तास चालतात आणि हवेत ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त असतो. आयसीयूच्या प्लगला हात लावून बघा, गरम लागला तर त्याच दिवशी बदला. एक्स्टेंशन बोर्ड बंद. एसीची वायर आणि एमसीबी लोड मोजून, सोलापूरच्या मे महिन्यात त्या एसीला एक मिनिट विश्रांती नसते. वापरात नसलेला ऑक्सिजन मास्क गादीवर चालू टाकून ठेवायचा नाही, चादर-गादी ऑक्सिजननं भिजते आणि मग एक ठिणगी बास होते. ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व (त्या भागाचा ऑक्सिजन बंद करायचा) कुठाय आणि तो बंद करायचा निर्णय कुणाचा, हे रात्रीच्या सिस्टरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. बंद करायच्या आधी त्या लाइनवरचे पेशंट छोट्या सिलिंडरवर घ्यायचे.

ड्रिल रात्रीची घ्या

दिवसा सगळे असतात. रात्री दोन वाजता दोन सिस्टर, एक मामा आणि एक वॉचमन असतात, ड्रिल त्या चौघांची पाहिजे. पेशंटला आधी जिन्यानं खाली न्यायचं नाही, त्याच मजल्यावर धूर अडवणाऱ्या दाराच्या पलीकडं न्यायचं आणि दार मागं बंद करायचं. लिफ्ट नाही. उचलायला चार माणसं नसतात, म्हणून ओढायचं. आम्ही यासाठी प्रत्येक आयसीयू बेडच्या गादीखाली एक जाड सोलापुरी चादर आडवी घालून ठेवतो. गादीसकट पेशंट चादरीच्या दोन टोकांना धरून खाली उतरवायचा आणि डोक्याकडून ओढत न्यायचा, फरशीवरून सरसर जातो. पहिल्यांदा ८० किलोच्या वॉर्डबॉयला झोपवून दोन सिस्टरनी ओढला, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ४० सेकंदात. कॉटनची ही चादर घट्ट विणीची असते, फाटत नाही. सिंथेटिक ब्लँकेट वापरू नका, ते वितळून अंगाला चिकटतं. १०१ ला फोन कोण करणार त्याचं नाव त्या दिवशीच्या ड्यूटी फळ्यावर लिहा.

कागद

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसनधारक एजन्सीकडून बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) घेऊन द्यायचा असतो. एजन्सीचा माणूस आला की सही घेऊन सोडू नका, त्याच्यासमोर पंप चालवा आणि हौदाचं झाकण उघडून पातळी दाखवा. त्याच दोन महिन्यांत पाण्याचे नमुने पण मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, लॅबचीच निर्जंतुक बाटली घ्या, बर्फाच्या डब्यातून सहा तासांच्या आत पोचवा. १०० मिलीत ई-कोलाय एकपण नको.

आमचं रजिस्टर साधी दोनशे पानी वही आहे. तारीख, हौदाची पातळी लाल पट्ट्याच्या वर का खाली, हौदातलं क्लोरीन, लांबच्या नळाचं क्लोरीन, पंपाचा स्विच ऑटोवर का, सही. सहा रकाने, सकाळी साडेसातला, शिफ्ट बदलायच्या आधी. वही ऑफिसात ठेवली की लोक खुर्चीवर बसून आकडे भरतात, म्हणून ती पंपरूमच्या दाराला आतल्या बाजूनं खिळ्याला टांगली आहे, पेन दोरीनं बांधून.